मालिकेत नसलेली मुलगी

वडपे गावातल्या आमच्या गोडाऊनमध्ये मोबाईल गेटवर जमा करावे लागतात. त्यामुळे जेवणाच्या सुट्टीत तीस माणसांना एकमेकांशिवाय बघायला काही नसायचं, आणि एकमेकांकडे फार वेळ बघितलं की मारामारी व्हायची. पंख्याखालच्या जागेवरून एकाने दुसऱ्याच्या कानाचा तुकडा पाडलेला मी पाहिलाय. मी तिथे चेकर, आला-गेला माल मोजून लिहिणारा. अंगात ताकद नाही, तोंड भरपूर. शेवटी मुकादमच म्हणाला की तू बोलत बस काहीतरी, निदान यांची डोकी शाबूत राहतील.

तेव्हा घरी बायकोने एक मालिका लावली होती. चपात्या होईपर्यंत बघू म्हणून बसलो आणि अडकलो. दोन पुरुषांचं चोरून चाललेलं प्रेम, आणि दोघांच्याही घरचे सुरे घेऊन मागे. मी गोडाऊनमध्ये तीच सांगायला घेतली, फक्त दोघांतल्या एका पुरुषाला मुलगी करून टाकलं. तीस हमालांपुढे याहून जास्त धाडस माझ्याच्याने होणार नव्हतं.

मुलगी केली खरी, पण ती नुसती उभी राहायची. तिला काय करायला लावावं ते सुचेना. मग समोर बसलेल्या दोघांकडून उचललं. एक पन्नाशीकडे झुकलेला लोडर, खांदा कायमचा दुखरा. दुसरा त्याच्याहून बराच लहान, ट्रॉलीवाला. कामतघरच्या चाळीत दोघांची एकच खोली. ट्रॉलीवाला उकडलेलं अंडं सोलायचा, पिवळं लोडरला द्यायचा, पांढरं स्वतः खायचा. माझी मुलगीही तसंच करू लागली. बाम लावताना अंगठ्याने खांद्यातली शीर शोधू लागली. लोक खूश. ते दोघेही ऐकायचे, पण हसायचे नाहीत. मला वाटायचं, यांना गोष्ट कळत नाहीये.

एका सोमवारी फोर्कलिफ्टवाला आला तो रविवारी घरी ती मालिका बघूनच. "इसमें लड़की है ही नहीं," तो म्हणाला. "दोनों मरद हैं."

आधी सगळे मलाच हसले. मग कुणीतरी विचारलं, "फिर अंडा कौन छीलता है?" आणि सगळ्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या.

अशा वेळी शहाणा माणूस गप्प बसतो. मी उभा राहिलो आणि छातीठोक सांगितलं की मालिकेत अंडंबिंडं काही नाही, ते सगळं माझ्या मनाचं.

"मन का, या यहीं से देखा?" फोर्कलिफ्टवाला म्हणाला आणि त्याने स्टीलचा डबा ट्रॉलीवाल्याच्या तोंडावर हाणला.

चौघांनी ट्रॉलीवाल्याला केसांना धरून रॅम्पवर फरफटत नेलं आणि लाथांनी तुडवायला सुरुवात केली. त्याची बरगडी मोडल्याचं मला दहा पावलांवरून ऐकू आलं. लोडरने पॅलेटची फळी खिळ्यांसकट उपटली आणि त्याच दुखऱ्या खांद्याने फिरवली. एकाचं मनगट लोंबायला लागलं, दुसऱ्याची भुवई फाटून डोळ्यावर आली. पण माणसं जास्त होती. फळी हिसकावून त्यांनी ती त्याच्याच पाठीत घातली.

मुकादम धावत आला. गोडाऊन त्याच्या बापाच्या शेतावर उभं, त्यामुळे तिथे त्याचाच शब्द चालायचा. पहिला हात ज्याने उचलला असेल त्याला पोलिसांत देणार, बाकीच्यांनी कामाला लागावं, असं त्याने जाहीर केलं. सगळ्यांनी लोडरकडे बोट दाखवलं. मुकादमाने मला विचारलं, "तू व्हतास ना? कोनी मारला पयला?"

मी म्हणालो, "मी."

त्याने माझ्या पोटाकडे बघितलं. "तुज्यानी माशी तरी मरंल का रं?"

आता सिद्ध करणं आलं. हातात पत्र्याचा क्लिपबोर्ड होता. डोळे मिटले आणि फोर्कलिफ्टवाल्याच्या दिशेने सगळा जोर लावून फिरवला. तो वाकला. क्लिपबोर्ड मुकादमाच्या नाकावर बसला. आयुष्यात मी एकाच माणसाला मारलं, आणि तोही चुकीचा.

मग सगळी गँग माझ्यावर पडली. डोकं पोटात घेऊन पडलो होतो तेव्हा त्यांच्या पायांमधून दिसलं, लोडर ट्रॉलीवाल्याला न दुखणाऱ्या खांद्यावर टाकून रस्त्याकडे चालला होता. त्यांच्या मागे कुणीच नव्हतं, सगळे माझ्यात गुंतलेले. मी एक शिवी हासडली, म्हणजे अजून थोडा वेळ गुंततील. ते गुंतले.

दोघे रिक्षात बसून गेले, असं नंतर वॉचमनने सांगितलं. जाताना लोडर माझ्यासाठी निरोप ठेवून गेला होता, "उसको बोलना, मुँह बंद रखे." तीन आठवडे मी तो तंतोतंत पाळला, कारण जबडा तारांनी बांधलेला होता.

ते कुठे गेले, मला ठाऊक नाही. ठाऊक असतं तरी सांगितलं नसतं, असं लिहिणार होतो. पण माझा माझ्यावर तेवढा भरवसा नाही. ठाऊक नाही तेच बरं.