दोघांच्याही ओळी

सास्तूरची शिवांजली घरूनच पुण्याच्या कंपनीचं काम करते. सोयाबीनचा भाव काढणाऱ्या अ‍ॅपच्या कोडमध्ये तिच्या दोन सहकाऱ्यांनी त्याच ओळी आपापल्या परीनं बदलल्या, आणि दोन्ही कोड एकत्र करताना काम अडलं.

"त्याचं उडव, माझं ठेव," दोघंही फोनवर हटून बसले.

शिवांजली तडकली. "कुणाचंच उडवायचं न्हाय! त्यानं बदल का केला, ते तू सांग. तुझं तो सांगंल."

सांगता सांगता दोघंही वरमले. एकानं हिशेबात मालातली ओल धरली होती, दुसऱ्यानं कचरा. भाव काढायला दोन्ही हवं होतं. तिनं दोन्ही ओळी नीट बसवल्या.

तिचे वडील महारुद्र गावातल्या दोघांचा बांधाचा तंटा मिटवायला निघाले होते. एकाच्या तोंडून दुसऱ्याची बाजू वदवून घ्यायची रीत त्यांचीच. लेकीचं बोलणं ऐकून दारात थबकत त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"शिवे, चप्पल घाल. आज बांधावर तू बोलायचं."