हातावर मीठ

सगुणाचा राग नाकावर असतो, हे ठाण्याच्या जुन्या पेठेत कुणीही सांगेल. पण यंदाच्या तिच्या रागाला जो नावं ठेवील, त्याची जीभ झडो.

कोपरीची ही आगरीण लग्न झाल्यापासून दौलतशेठच्या कापडदुकानाच्या दगडी ओट्यावर जाडं मीठ विकायची. तिच्याआधी तिची सासू तिथेच बसायची. मिठागरं बुजली, टॉवर आले, तरी लोणच्याला आणि सुक्या मासळीला मीठ लागायचं ते लागतंच. सगुणाचा एक नेम होता. मीठ कुणाच्या हातावर द्यायचं नाही. हातावर मीठ दिलं की भांडण होतं. ती माप भरून ओट्यावर ठेवायची, गिऱ्हाइकानं उचलायचं. पेठभर तोंड चालवणारी ही बाई गिऱ्हाइकाशी मात्र कधी भांडली नाही.

दुकानाची जुनी इमारत पाडायची बोलणी निघाली, तेव्हा ती वाचवायला सुश्रुत नावाचा आर्किटेक्ट आला. सगुणानं त्याला सासूच्या गोष्टी सांगितल्या, फोटोला बसली, वर मीठही फुकट दिलं. इमारत वाचली म्हणजे आपला ओटाही वाचला, असं तिला वाटलं. कामापुरती ऊठ, असं शेठ म्हणाला आणि ती उठली. वर्षभर गटाराकडेला उन्हात बसली.

उद्घाटनाच्या दिवशी पाहते तर सज्जे रंगवलेले, ओट्याला पितळी साखळी, आणि साखळीच्या आत, तिच्याच जागेवर, मिठाची टोपली घेतलेली फायबरची बाई. नऊवारी, नथ, नाकसुद्धा सगुणाचंच. जिवंत बाईला गटार आणि बाहुलीला ओटा! दौलतशेठ दुसरीकडे बघत राहिला. इतकी वर्षं तिच्याकडचं मीठ खाल्लं, पण मेला मिठाला जागला नाही.

सुश्रुत हसत पुढे आला. हा तुमचाच सन्मान आहे मावशी, म्हणाला. ओटा जपायचाय, म्हणून आता कुणालाच बसू देता येणार नाही.

सगुणानं त्याचा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर मूठभर मीठ ठेवलं. पेठेतली जुनी माणसं दोन पावलं मागे सरली.

"आता तुजं-माजं भांडन," ती म्हणाली. "मी हितून उटनार नाय."

तिनं साखळी ओलांडली, बाहुली बाजूला सारली आणि टोपली मांडली. पहिलं गिऱ्हाईक आलं ते दौलतशेठची बायको शीला, नवऱ्याच्या देखत. तिचं माप सगुणानं ओट्यावर ठेवलं.