आबांचं तळं आणि आम्ही उपटसुंभ

उपसलेल्या जलपर्णीचा ढीग कितीही मोठा असू द्या, चार कडक उन्हांत वाळून एवढासा होतो. ती उपसताना झालेल्या किश्श्यांचा ढीग मात्र दर रविवारी वाढतच चाललाय! घरात सांगायला तोंड उघडलं की मुलं म्हणतात, "आई, हा झालाय." म्हणून आता तुम्ही ऐका.

आधी ओळखपाळख. मी वलवणची. शाळेत सायन्स शिकवून रिटायर झाले, म्हणून सगळे मला 'बाई' म्हणतात. दत्तूभाऊ कामशेत ते पवनानगर जीप चालवतो. सलीमभाईंचं लोणावळ्यात हार्डवेअरचं दुकान आहे. कमळामावशी टाकवे बुद्रुकची, शेती आणि बचत गट दोन्ही तिच्याच जिवावर चालतात. बाहेरून आलेल्या आणि इथल्या झाडापाण्याच्या उरावर बसलेल्या वनस्पती उपटायच्या, एवढाच आमचा उद्योग. लोकांनी आमचं नाव ठेवलं 'उपटसुंभ'. आम्ही तेच टी-शर्टवर छापून घेतलं!

पण खरा जीव अडकला होता तो भिकूआबांच्या तळ्यात. टाकव्याच्या पलीकडे छोटंसं तळं आहे, आबांनी जन्मभर तिथं मासे धरले. जलपर्णीनं ते गच्च भरलं आणि त्यांची होडी काठावर पालथी पडली. आम्ही तीन उन्हाळे खपून तळं साफ केलं आणि तिन्ही वेळा दिवाळीला पानं परत हजर! तिसऱ्यांदा आबांचा मुलगा सुरेश चिंचवडहून आलेला होता. तो म्हणाला, "आबा, बास झालं. होडी विका आणि माझ्याकडं चला." आबांनी एक वर्ष मागून घेतलं. पुढच्या दिवाळीला तळ्यावर एक जरी पान दिसलं तरी ते मुकाट जाणार होते. आबा फ्लॅटच्या गॅलरीत बसून करणार काय?

०००

पहिल्या उन्हाळ्यातली गंमत. जलपर्णी फुलली होती. दिसायला देखणी हो मेली, जांभळा गालिचाच! लोणावळ्याला प्री-वेडिंग शूटला आलेलं एक जोडपं फोटोग्राफरसकट तिथं पोचलं. नवरदेव पांढऱ्या सुटात. त्याला वाटलं, लॉन आहे.

आम्ही ओरडेपर्यंत गड्यानं पाऊल टाकलंसुद्धा. कमरेपर्यंत गडप! दत्तूभाऊनं दोर टाकून त्याला ओढून काढला. सुटाचा रंग सांगण्यासारखा राहिला नव्हता, नवरी रडकुंडीला आलेली. फोटोग्राफर मात्र गुडघ्यावर बसून क्लिक क्लिक करतोय.

मग कॅमेऱ्यातून डोकं वर काढून म्हणाला, "सर, एकदा परत पडता का? लाइट काय सुंदर आहे!"

०००

पुण्याच्या एका कंपनीची तरुण मंडळी एका रविवारी मदतीला आली. हातमोजे, टोप्या, एनर्जी ड्रिंक, सगळा थाट. त्यांना आम्ही टेकडीवर घाणेरी उपटायला धाडलं. घाणेरी म्हणजे ती रंगीत फुलांच्या गुच्छांची काटेरी झुडपं, आपल्याकडची नव्हेत, पण डोंगरच्या डोंगर खाऊन बसलीत. सोबत कमळामावशी होती, पण ती पाण्याची कळशी आणायला म्हणून जरा खाली आली.

परत जाऊन बघते तर काय, पोरांनी घाणेरी ठेवली जागच्या जागी आणि करवंदाच्या तीन जाळ्या मुळापासून आडव्या केल्या! वर घामाघूम होऊन सेल्फी चाललेला.

मावशीनं कपाळावर हात मारला. "आरं मेल्यांनो, करवंदं हायती ही! काय खायाचं पोरांनी?"

त्यांच्या एचआरच्या मॅडम पुढे झाल्या. "सॉरी मावशी, पण दोन्हीला काटे आहेत ना, म्हणून कन्फ्यूजन झालं."

"काटं तुज्या सासूलाबी आस्तील," मावशी म्हणाली, "म्हून तिला उपटतीस व्हय?"

मॅडमचं म्हणे नुकतंच लग्न झालं होतं. हसून हसून त्या खालीच बसल्या, आणि पुढच्या रविवारी सासूला घेऊन आल्या. खरंच!

०००

मावशीच्या बचत गटानं वाळलेल्या जलपर्णीच्या देठांच्या टोपल्या विणायला सुरुवात केली. टोपल्या झाल्या झकास. एका रिसॉर्टनं रांगेनं ऑर्डरी दिल्या. आम्ही सगळे खूश, कचऱ्याचं सोनं झालं म्हणून पेढे वाटले.

दुसऱ्या उन्हाळ्यात तळं जवळजवळ मोकळं होत आलं, तेव्हा मावशी हळूच माझ्याजवळ सरकली. इकडेतिकडे बघून कानात म्हणते, "बाई, सगळीच नगा काढू. थोडी बियाण्याला ठिवा!"

मी कोपरापासून हात जोडले.

०००

पण हा विनोद मला महागात पडला. तिसऱ्यांदा दिवाळीला पानं दिसली, आबांचा चेहरा उतरला आणि माझं डोकंच फिरलं. तळ्यात ना नाला येतो ना नदी, मग ही बया येते कुठून? मला वाटलं, मावशीनंच कुठे तरी ड्रममध्ये बियाणं जपलं असणार. मी तडक तिच्या घरी गेले आणि परसातले ड्रम उघडून बघायला लागले. सगळ्यात नुसतं पाणी.

मावशी आत गेली, विजेरी आणली आणि माझ्या हातात दिली.

"चुलीतबी बगून घ्या बाई. भाकरीखाली लपवली आसंल."

त्यानंतर पंधरा दिवस ती माझ्याशी शब्दानंही बोलली नाही. दिवाळीचा फराळ आला तो दत्तूभाऊच्या हातून. मी डबा न उघडता तसाच ठेवून दिला, इतकी मला माझीच लाज वाटत होती.

०००

आता कॅमेऱ्याचं सांगते. दोनदा पानं परत आल्यावर सलीमभाई म्हणाले होते, "हे कुणाचं तरी काम आहे. चोर पकडू." आणि दुकानातला कॅमेरा आणून तळ्याकाठच्या आंब्याला ठोकला. दोन महिन्यांचं शूटिंग साठायचं.

पहिल्या महिन्यात चोर काही सापडला नाही. सापडल्या नऊ म्हशी, आणि घाटाच्या पायरीवर अंघोळ करताना दोन्ही हात पसरून लावणी म्हणणारा आमचा दत्तूभाऊ! त्यानंतर तो टॉवेल गुंडाळून आधी आंब्याला हात जोडायचा, मग पाण्यात उतरायचा.

०००

शेवटी छडा लावला तो आबांनी. एक दिवस दत्तूभाऊच्या जीपमधून ते थेट लोणावळ्याला सलीमभाईंच्या दुकानात आले. मी आणि मावशी दोघी तिथं होतो, एकमेकींकडे पाठ करून.

आबा म्हणाले, "मी तीन वर्सं बगतोय. पयली पानं घाटापाशीच येत्यात. आन् येत्यात ती दसऱ्यानंतर वीसेक दिसांनी. सलीमभाई, दसऱ्याच्या आदला दिस लावा."

आदला दिवस म्हणजे खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. सलीमभाईंनी लावला.

पडद्यावर आम्हीच! सकाळी पवनानगरच्या बाजूला नदीच्या डोहातली जलपर्णी काढून आलेलो. नदीचं पाणी गढूळ, पूजेची हत्यारं त्यात कशी धुवायची? म्हणून कोयते, आकडे, जाळ्या, टोपल्या सगळं जीपच्या टपावर घालून दर खंडेनवमीला आम्ही आबांच्या स्वच्छ तळ्यावर आणायचो. दत्तूभाऊ टोपल्या बुडवतोय. सलीमभाई दोर खळबळतायत. आणि मी, सायन्सची बाई, ब्रश घेऊन जाळीच्या एकेका गाठीतली हिरवी घाण मनापासून घासून पाण्यात सोडतेय! नखाएवढ्या कोंबावर जलपर्णी संसार थाटते, हे मी वर्गात इतकी वर्षं ओरडून शिकवलं होतं.

सलीमभाईंनी शांतपणे टीव्ही बंद केला.

"चहा घेणार ना सगळे?"

खरं सांगू? मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. दुश्मन सापडला होता आणि तो आमच्याच जीपमध्ये बसून यायचा! त्याला थांबवणं सोपं होतं. मी मावशीचे हात धरले आणि म्हटलं, "चुकले गं." तिनं माझ्याकडे बघितलं, आणि पंधरा दिवसांचं साठलेलं हसू तिला आवरेना.

"चुलीत न्हवती बाई, तुमच्या टोपलीत व्हती!"

०००

त्यानंतर आबांनी कायदा केला. नदीवरचं सामान चार दिवस कडक उन्हात वाळल्याशिवाय तळ्यावर आणायचं नाही. धुवायचं तर नळावर, तेही तळ्यापासून लांब. उन्हाळ्यात तळं चौथ्यांदा साफ केलं आणि पुढच्या खंडेनवमीची पूजा आम्ही सलीमभाईंच्या दुकानाच्या गच्चीवर केली.

मध्ये चैत्रात एक सरकारी खातं आमच्यावर प्रसन्न झालं आणि जलपर्णी कापायचं भलंमोठं मशीन धाडलं. दुसऱ्या कुठल्याशा तलावातून ते थेट आलं होतं, पात्यांना मुळ्या लोंबतच होत्या. आबा रस्त्यात आडवे उभे राहिले.

"आदी वाळवा."

बरोबरचे साहेब म्हणाले, "आजोबा, हे मशीन आहे. हे कसं वाळवणार?"

"उन्हात."

साहेबांनी वर फोन केले, खाली फोन केले, काही चाललं नाही. मशीन कमळामावशीच्या खळ्यात उभं राहिलं. चौथ्या दिवशी मोठे साहेब उद्घाटनाला नारळ घेऊन आले, तर मशीनवर धोतर अंथरून मावशीनं कुरडया घातलेल्या!

मोठे साहेब कातावले. "हे काय आहे?"

"थांबा वाईच," मावशी म्हणाली, "खालून अजून वल्या हायती."

०००

दिवाळी आली. आम्ही पाडव्याला सकाळी सकाळी तळ्यावर जमलो. घाटापाशी बघितलं, काठानं पूर्ण फेरी मारली, दत्तूभाऊ तर पोटावर आडवा होऊन पायरीखाली बघून आला. एक पान नाही! नुसतं पाणी. माझे डोळे भरून आले, लपवलं नाही मी. सलीमभाई आणि दत्तूभाऊनं पालथी होडी सुलटी करून पाण्यात ढकलली, आबा बसले आणि वल्हवत मध्यावर गेले.

तेवढ्यात सुरेश आला. गेल्या तीन वर्षांचा अनुभव गाठीशी, त्यामुळे सामानासाठी टेम्पो बरोबरच आणलेला. पोरगा वाईट नाही. बाप एकटा राहतो याची काळजीच होती त्याला. काठावर येऊन बघतो तर समोर मोकळं तळं आणि मधोमध बाप.

"आबा! टेम्पो आणलाय!"

आबांनी हात वर केला आणि जाळं टाकलं.

"आबा, ऐकताय ना?"

आबांनी जाळं ओढलं. परत टाकलं. सुरेशनं मला विचारलं, "बाई, दुसरी होडी आहे का?" मी म्हटलं, "एकच आहे." मग तो पायरीवर बसला. थोड्या वेळानं त्यानं बूट काढले. आणखी थोड्या वेळानं पँट वर करून पाय पाण्यात सोडले. टेम्पोवाला केबिनमध्ये घोरायला लागला. कुणालाच घाई नव्हती.

ऊन डोक्यावर आल्यावर होडी काठाला लागली. आबा उतरले, बादली उचलली आणि सुरेशसमोर आणून ठेवली. आत हाताएवढे दोन मरळ मासे, जिवंत, पाणी उडवत होते.

"रिकामा टेम्पो नगं नेऊस लेका," आबा म्हणाले. "कुनाला तरी न्यायाच आलतास न्हवं? ह्यास्नी ने."