चढउतार मास्तर

अकोल्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या मास्तरांना चुकीचा शब्द सहन होत नसे. जेवताना कानावर पडला, तरी हातातला घास तसाच राही.

सातासमुद्रापार कुठेतरी लढाई जुंपली होती आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं होतं. ज्वारीच्या शेतांतही लोक कपाशी पेरू लागले. रस्त्यात भेटेल तो भावाचंच बोले. "मास्तर, भाव वाढून राहिला!" असं एखादा दलाल म्हणाला, की मास्तर त्याला तिथेच थांबवत. "काल उतरला होता ना? मंग वाढून राहिला काहून म्हनता? कधी वर, कधी खाली, उद्याचा नेम नाही, त्याले चढउतार म्हनतात." दलाल हसत. 'चढउतार मास्तर' हे नाव त्यांनीच पाडलं. मास्तर घरी येऊन म्हणत, "याइले शब्दच समजला नाही, तर धोका कसा समजन?"

मी तेव्हा नवी सून. मास्तरांच्या बायकोनं, काकूंनी, मला पोटच्या मुलीसारखं सांभाळलं. त्यांची स्वतःची एकच, सहा-सात वर्षांची गोदी. बापाच्या मांडीवर बसून ती शब्दांचे अर्थ विचारी आणि मास्तर मोठ्या माणसाला सांगावेत तसे सांगत.

त्या भाद्रपदात गोदीला ताप आला. काकू उशापासून हलेनात. एका सकाळी पोरीचं अंग निवलं. वैद्य नाडी पाहून बाहेर आले, अंगणात मास्तरांशी हळू आवाजात काही बोलले आणि गेले. मास्तर आत आले, तेव्हा काकूंनी नुसतं वर पाहिलं.

"उतरला," मास्तर म्हणाले. "आता बरी होते ते."

कित्येक दिवसांनी काकू हसल्या. साचलेले कपडे गोळा करून मला घेऊन मोर्णा नदीवर आल्या. धुताना गोदीच्या लग्नाचंच बोलत होत्या. आम्ही ओले पिळे घेऊन परतलो, तेव्हा दारात माणसं जमली होती.

काकू रडल्या नाहीत. "वैद्य काय म्हनले होते?" एवढंच त्यांनी विचारलं.

मास्तर म्हणाले, "चढउतार आहे म्हनले. पुन्हा चढला तर हाती लागनार नाही म्हनले." मग पुटपुटले, "तुयं तोंड पाहवत नव्हतं मले."

"मी जवळ राह्यली असती," काकू म्हणाल्या. "घोटभर पानी तरी पाजलं असतं."

दिवाळीनंतर काकू माहेरी, बार्शीटाकळीला, निघाल्या. मास्तर गावाबाहेरपर्यंत गाडीमागून चालत गेले. काकूंनी वळून पाहिलं नाही. कापसाच्या गाड्यांच्या रांगेत त्यांची गाडी दिसेनाशी झाली, तरी मास्तर धुळीत तसेच उभे होते.