कळपाचा राखणदार
भात निघालं की रिहे गावच्या खाचरांत एक धनगर खतासाठी मेंढरं बसवायचा. माण गावी कामावर जाताना मी त्याला रोज पाहायचो. एका वर्षी बिबट्याने त्याच्या कुत्र्याची मान फाडली, पण कुत्र्याने एकही मेंढरू जाऊ दिलं नाही. धनगर जखमेत हळद भरायचा आणि कुत्र्याचं डोकं मांडीवर घेऊन त्याला वाटीने दूध पाजायचा.

"वाचेल का?" मी विचारलं.

"गिळतोय न्हवं? मग जायचं त्याच्या मनात न्हाई."

पंधरवड्याने मी पुन्हा थांबलो. कुत्रा धडपडत उठला, झोकांड्या खात आला आणि मेंढरांच्या पुढे आडवा उभा राहून माझ्यावर गुरगुरला.

धनगराचे डोळे भरून आले. "मागं सरा, पावणं. आता त्यो माझंबी ऐकायचा न्हाई."

मी सरलो. कुत्र्याने हाकलल्याचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.