गुरुवारची सतरंजी

देवाच्या हाकेशिवाय कोणी गाव सोडत नाही, असं आमच्या ख्रिस्ती मंडळीत अजूनही सांगतात. मला हाक आली ती आणीबाणीच्या आदल्या वर्षी, नाशिकजवळच्या सातपूरच्या एका कारखान्याच्या पोस्टकार्डातून. हजर होताना दोन फोटो आणायला सांगितलं होतं.

निफाडजवळच्या आमच्या गावात एस.टी. उशिरा आली, म्हणून निरोप लांबला. वडील गावच्या चर्चची घंटा वाजवायचे. म्हणाले, "नाशकात मंडळी लय मोठी हाय. मागच्या बाकावर बसू नको, झोप लागंल." आईने माझ्या खांद्यावर लाल-निळ्या पट्ट्यांची सतरंजी ठेवली. "खोलीवर कोणी आलं तर बसवायला." नाशकात मला ओळखणारं कोणीच नव्हतं. हे मी तिला सांगितलं नाही.

वर्षभर खरंच कोणी आलं नाही. रविवारी चर्चमध्ये शंभर जणांना "सलाम" म्हणायचो आणि खोलीवर एकटा जेवायचो. मग रत्नामावशींनी, म्हणजे चर्चमागे राहणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी, आपल्या घरी गुरुवारची प्रार्थना सुरू केली. पाळकसाहेबांनी मला तिचा लीडर नेमलं. माझी पात्रता म्हणजे मी वेळेवर यायचो आणि माझं लग्न झालेलं नव्हतं. सतरंजी मावशींकडे गेली. सहा जण होतो. शास्त्र वाचायचं, एकमेकांसाठी प्रार्थना करायची, पोहे खायचे. एका गुरुवारी मी तापाने पडलो, तर सगळे माझ्या खोलीवर आले, सतरंजीसकट. त्यानंतर मी पत्रात "घरी" लिहिलं की आई उलट विचारायची, कोणत्या?

चर्चचा नियम होता, पंधरावा माणूस आला की एका गटाचे दोन करायचे. पाळकसाहेब त्यावर द्राक्षवेलीच्या छाटणीचं प्रवचन देत. मी निफाडकडचा. हातात कात्री धरलेला माणूस छाटणीबद्दल इतक्या गोड आवाजात बोलत नाही. आम्ही वाढत चौदा झालो, त्यानंतर नऊ महिने मी अहवालात चौदाच लिहिलं आणि ते खरंही होतं, कारण आम्ही कोणाला बोलावतच नव्हतो.

मग एका गुरुवारी हरसूलकडचं एक जोडपं दारात आलं, बाळाला घेऊन. नवराही सातपूरच्या कारखान्यात नवीनच लागला होता. सतरंजी भरलेली. दोघं चपलांमध्येच उभी राहिली.

मावशी माझ्या कानाशी लागल्या, "लीडरसाहेब, पुढच्या महिन्यात या म्हणा की! सगळं मोडायचं का आता?"

दारातल्या बाईनं ते ऐकलं. "आम्ही उभंच राहू, मावशी. बाळ झोपलंय."

"कोणी आलं तर" असं आई म्हणाली होती. ओळखीचंच हवं, असं काही म्हणाली नव्हती.

प्रार्थना संपल्यावर मी सांगून टाकलं की नवा गट सातपूरला, माझ्या खोलीवर. मी आणि हे दोघं जातोय, आणखी कोण येतंय? पाच हात वर झाले. मावशी आधी रडल्या, मग भांडल्या.

"सतरंजी इथंच राहील."

"माझ्या आईची आहे, मावशी."

"असेल. बसून झिजवली आम्ही!"

शेवटी त्यांनीच कात्री आणली.

गावात राहिलेले मला पाहुणा समजतात, आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले विचारतात, तुझं घर नक्की कोणतं? मला त्यात आता अडचण वाटत नाही. उशिरा पोचलो तरी जिथं लोक कुरकुरत का होईना, सरकून जागा देतात, ती सगळी माझीच. अशा जागा वाढतही आहेत. सातपूरचा गट त्यानंतर दोनदा वेगळा झाला आणि आईची सतरंजी आता चार घरांत आहे.

मोठा तुकडा मावशींकडे आहे.