केरबाअण्णांना हाक मारू नका

केरबाअण्णांची आणि माझी पहिली गाठ पडली ती म्हशीच्या पाठीमागं. मी धार काढत बसले होते. लग्न होऊन तीन-चार वर्षं झाली असतील, थोरला अजून झोळीत होता. आमचा धंदा दुधाचा. म्हैस तालमीसमोरच्या कट्ट्यापाशी आणून बांधायची आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढं धार काढून फेसासकट पेला त्याच्या हातात द्यायचा. गिऱ्हाईक बहुतेक पैलवान. प्रत्येकाचा पितळी पेला वेगळा. रात्री घासून कट्ट्यावर उपडा घातलेला असायचा. सकाळी ज्याचा त्यानं येऊन सुलटा करायचा, मग मी त्यात धार सोडायची. त्या दिवशी कट्ट्यावर एक नवा पेला दिसला, बुडाला पोचा पडलेला. मागं एक लांबडं, काटकुळं पोरगं उभं.

"पैलवान हाईस व्हय रं?"

"न्हाई आक्का. फुटबॉल खेळतोय."

"म्हंजे पळायला दूध पायजे."

"पळत न्हाई. गोलात असतोय."

"गोलात काय करतोस?"

"उभा ऱ्हातो."

नुसतं उभं राहायला दूध कशाला लागतंय, असं मी तोंडावर म्हटलं. ते हसले, पेला सुलटा केला आणि पुढं धरला. त्याला चाळीस वर्षं होऊन गेली. पोचा तसाच आहे.

तोंडावर मी त्यांना आजही अरे-तुरेच करते. पण तालमीच्या मंडळाच्या पोरांनी बजावलंय, की अण्णांच्या साठीचा अंक आहे, अहो-जाहो पाहिजे, आधी कार्य पाहिजे, मग गुण, आणि प्रत्येकाला एकेक प्रसंग पाहिजे. मी तिसरी शिकलेली. जमेल तसं लिहिते. आणि खरं सांगायचं तर गुण गायला लिहितच नाही. मला घोर लागलाय म्हणून लिहिते. हा अंक आज सकाळी घरोघर पोचणार आणि आज चार वाजता मैदानावर सत्कार आहे. सत्कारानंतर अण्णांना पुन्हा एकदा गोलात उभं करायचं, असा मंडळाचा बेत आहे. तो बेत मोडावा, आणि तो तुम्ही मोडावा, एवढ्यासाठी हा कागद. का, ते पुढं येईल. दुपारच्या आत वाचून संपवा.

आता कार्य.

अण्णांनी आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाचा गोल पंचवीस वर्षं सांभाळला. दिवसभर उद्यमनगरात लेथवर काम. तिथून सायकल थेट मैदानावर. अंगाला तेलाचा वास, केसांत लोखंडाचा कीस. आम्ही बायका मैदानात जात नव्हतो. शेजारच्या एका घराच्या गच्चीवर दाटीवाटीनं उभ्या राहायचो. तिथून गोल समोर दिसायचा आणि त्यात हा माणूस. नुसता उभा कधीच नसायचा. बॉल पलीकडच्या टोकाला असला तरी हे डावीकडं दोन पावलं, उजवीकडं दोन पावलं, दावणीला बांधलेल्या रेडकासारखं चाललेलं.

आमच्या पेठेचं प्रेम कसं असतं ते तुम्हाला ठाऊक आहे, पण नवीन पोरांना ठाऊक नाही, म्हणून लिहिते. एका वर्षी फायनलला साधा सरपटत आलेला बॉल अण्णांच्या पायांमधून आत गेला. कप समोरच्या पेठेला गेला. दुसऱ्या दिवशी गल्लीत त्यांच्याशी कुणी बोलेना. त्यांची बायको पारू नळावर गेली तर बायकांनी तिची घागर मागं सारली. आणि आमच्या सासूबाईंनी काय करावं? अण्णांचा पेला कट्ट्यावरून उचलून घरात नेऊन ठेवला. सकाळी अण्णा आले, कट्ट्यावर बघितलं, पेला नाही. तसेच कामावर निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, पुन्हा तसेच गेले. असं कितीतरी दिवस चाललं.

त्याच आठवड्यात समोरच्या पेठेची दोन मोठी माणसं कट्ट्यावर येऊन त्यांना भेटली. मी म्हशीच्या आडोशाला होते, सगळं ऐकू येत होतं.

"पावणं, आमच्याकडं या की. तुमची माणसं तुम्हाला पाणी भरू देईनात."

अण्णा म्हणाले, "व्हय, देईनात. पन शिव्या घालत्यात ती माझीच माणसं हायती. तुमच्या शिव्या खायाची सवय न्हाई मला."

पुढच्या वर्षी त्याच पेठेशी पुन्हा गाठ पडली. आपला एक गोल वर होता, वेळ संपत आलेली, आणि पेनल्टी त्यांना मिळाली. मैदान असं गप्प झालं, की गच्चीवर शेजारणीचा श्वास ऐकू यावा. बायकांनी डोळे मिटले. तेवढ्यात आमच्या सासूबाई, ज्यांनी पेला उचलून नेला होता त्याच, कठड्याला धरून ओरडल्या, "आगं भ्येता कशाला? केरबा हाय!"

अण्णांनी मान वर करून गच्चीकडं बघितलं. मग झेप घेतली आणि बॉल छातीशी धरूनच उठले.

आज मैदानात उभी पेठ "केरबा हाय!" म्हणून जी हाक घालते, ती तिथून सुरू झाली. संध्याकाळी सासूबाईंनी पेला चिंचेनं लख्ख घासला आणि कट्ट्यावर उपडा घातला. माफी वगैरे त्यांनी उभ्या जन्मात कुणाची मागितली नाही. अण्णांनीही विचारलं नाही. सकाळी आले, सुलटा केला.

या हाकेनं माणूस किती बांधला गेला, त्याचा प्रसंग सांगते. मुंबईच्या एका गिरणीचा संघ त्यांना न्यायला आला होता. नोकरी, खोली, सगळं पक्कं. पारूनं भांडीसुद्धा बांधली होती. अण्णा गेले आणि आठ दिवसांत परत कट्ट्यावर हजर.

"का रं, हाकलला व्हय?"

"न्हाई आक्का. चांगली माणसं हायती."

"मग?"

"बॉल अडिवला की टाळ्या वाजिवत्यात."

"मग काय शेण फेकून मारायचं?"

"टाळ्या वाजिवत्यात, हाक कोन मारत न्हाई," ते म्हणाले आणि पेला पुढं धरला.

मी त्यांना येडं म्हटलं. ते वाक्य मात्र ध्यानात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता गुण. एकदा समोरच्या पेठेचा एक पोरगा अण्णांच्या अंगावर धडकून पडला आणि त्याचा पाय मोडला. चूक त्या पोराचीच होती. पण अण्णा रोज सकाळी आपलं दूध पिऊन झालं की चरवी पुढं करायचे. ही कुणाला, म्हणून मी चौकशी केली तर समजलं, की आमच्या म्हशीचं दूध रोज त्या पेठेत जातंय. मी चिडले. "त्या पेठेला पाजायला मी म्हस पाळली न्हाई," म्हटलं. तर म्हणाले, "पाय मोडलाय आक्का, पेठ मोडली न्हाई. घाल." मी घातलं. पाणी घालावं असं मनात आलं होतं, पण घातलं नाही. तो पोरगा आता दोन पोरांचा बाप आहे आणि आज सत्काराला पहिल्या रांगेत बसणार आहे.

आमचे मालक वारले तेव्हा घरात माणसांची रीघ. जो तो येऊन डोळे पुसायचा आणि मलाही रडवून जायचा. अण्णा आले ते सरळ गोठ्यात गेले. दिवसकार्य होईस्तोवर दोन्ही वेळेची वैरण त्यांनी तोडली, शेणं काढली. मी म्हटलं, "घरात ये की, बस जरा." तर म्हणाले, "म्हशींना दुखवटा कळत न्हाई. त्यांना भुका लागल्यात." तेवढं एकच बोलणं मला त्या दिवसांत बरं वाटलं.

आता घोराचं.

अण्णांच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी आहे. पेला धरला की ती बाहेर राहते. पोरांना ती ऐट वाटते. त्यांच्या शेवटच्या वर्षातली गोष्ट आहे. पहिल्या हाफमध्येच बोट मोडलं, हात फडक्यात गुंडाळून त्यांना बाहेर बसवलं, खेळातलाच एक गडी तेवढ्यापुरता गोलात उभा केला. डॉक्टर शेजारी बसून सांगत होता, हात हलवू नका. आणि आपल्यावर बॉल यायला लागला तशी पेठेनं सवयीनं हाक घातली, "केरबा हाय!" कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. भीती वाटली की ओरडायचं, एवढंच. पण अण्णा उठले. डॉक्टरनं सदरा धरला तो सदरा त्याच्या हातात राहिला. आत गेले आणि त्या मोडक्या हातानं बॉल अडवला. मग पेठेनं त्यांना खांद्यावर घेऊन मिरवलं. बोटाचं काय झालं, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी विचारलं नाही.

बोटाचं ठीक आहे. बोटं दहा असतात.

दिवाळीपासून मी बघते, अण्णा सकाळी येताना चढावरच्या विजेच्या खांबाला हात लावून थांबतात. वर बघतात, जसं काही आभाळ बघायचं आहे. मग पुढं येतात. ओठ निळसर. विचारलं तर म्हणतात, "गार पडलंय, आक्का." ऐन उन्हाळ्यातसुद्धा गारच पडलं होतं. शेवटी पारूलाच गाठलं. ती पदर तोंडाला लावून बोलली. मिरजेच्या डॉक्टरनं सांगितलंय, काळीज मोठं झालंय, दमलंय. चालायचं बेतानं. पळायचं नाही. उडी तर नाहीच नाही. आणि हे अण्णांनी कुणाला कळू द्यायचं नाही म्हणून तिला शपथ घातली. मला कुणी शपथ घातलेली नाही, म्हणून मी छापते आहे. महिनाभर बोलणार नाहीत माझ्याशी. नाही बोलले तर नाही. पेला तेवढा सुलटा करायला आले की झालं.

मी मंडळाच्या सेक्रेटरीला घरी बोलावून सांगितलं. मुलगा चांगला आहे, पण ऐकण्याची सवय नाही.

"आक्का, पेठेनं हाक मारायची, आनि अण्णांनी उठून नुसतं गोलात उभं ऱ्हायाचं हाय. एक बॉल हळूच मारायचा. फोटोपुरतं."

"त्याला नुसतं उभं ऱ्हाता येत न्हाई रं बाबा."

"अण्णा स्वतः व्हय म्हणाल्यात."

"त्यो कधी न्हाई म्हणलाय?"

"आता पत्रिका छापून झाल्या, आक्का."

"मग मला बी अंकात एक पान दे," मी म्हटलं. त्याला वाटलं म्हातारी खूश झाली.

तर पेठेतल्या सगळ्यांना, आणि समोरच्या पेठेलासुद्धा, कारण ती हाक आता तुम्हालाही पाठ आहे, माझं सांगणं एवढंच आहे. चार वाजता या. झाडून सगळे या. हार घाला, फेटा बांधा, शाल द्या, वाट्टेल तेवढ्या टाळ्या वाजवा. टाळ्यांनी त्यांना काही होत नाही, मुंबईनं ते करून बघितलंय. आठ दिवस टाळ्या वाजवल्या, माणसावर काडीचा परिणाम झाला नाही. पण गोलाकडं बोट करून कुणी "केरबा हाय!" म्हणून ओरडलं, तर ते खुर्चीवरून उठतील. सदरा धरायला डॉक्टर असो नाहीतर पारू असो, उठतील. आणि समोरून बॉल आला, हळू असो की जोरात, ते झेप घेतील. इतकी वर्षं तुम्ही हाक मारली आणि त्यांनी एकदाही ओ द्यायचं चुकवलं नाही. आज तुम्ही गप्प बसा. पोरांना घरातूनच सांगून आणा. माझ्या नातवंडांना मी सांगितलंय, पण ती माझ्या सासूबाईंच्या रक्ताची आहेत, भरवसा नाही. माझाही मला नाही. गच्चीवर पदराचा बोळा तोंडात घालूनच बसणार आहे.

सत्काराच्या लेखात शेवटी दीर्घायुष्य चिंतायचं असतं, असं पोरांनी सांगितलंय. चिंतून माणूस जगला असता तर आमचे मालक आज कट्ट्यावर बसले असते. आजचं मागणं आजच्या संध्याकाळपुरतं आहे. तेवढी टळली, की पुढचं बघू.

आणि केरबा, हे तूही वाचशील. मी तुझी गोष्ट गावभर केली म्हणून चिडशील. चीड, पण बसल्या जागी. आज तुला कुणी बोलावलं नाही, तर त्यांना विसर पडला असं समजू नकोस. पेठ उभ्या जन्मात पहिल्यांदाच गप्प बसली, ती तुझ्यासाठी, हे ध्यानात ठेव आणि खुर्ची सोडू नकोस. उद्या सकाळी चढावर खांबाला धरून थांबलास तरी चालेल. मला घाई नाही, म्हशीलाही नाही. तुझा पेला घासून उपडा घातलेला असेल. तो मी सुलटा करणार नाही आणि दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही.

ये.

तुझी,
हौसाक्का, तालमीसमोरची